दगड हातात घेतल्यावर काय बघायचं: खडकांचे तीन प्रकार आणि खडकचक्र, पहिल्यापासून

दगड ओळखायला शिकायचंय असं कोणी म्हणालं की मी सगळ्यात आधी सांगतो, रंगाकडे बघू नका. नवीन माणूस हमखास तिथेच अडकतो, काळा दिसला की बेसॉल्ट, पांढरा दिसला की संगमरवर. आता काळाच दगड घ्या, तो बेसॉल्ट असू शकतो, काळा चुनखडक असू शकतो, शेल म्हणजे चिखलाचा दगड असू शकतो, स्लेट असू शकते, नाहीतर ऑब्सिडियन म्हणजे ज्वालामुखीची काच असू शकते आणि हे सगळे तयार व्हायची पद्धतच एकमेकांपेक्षा वेगळी आहे. रंग बऱ्याचदा थोड्याशा लोहाने किंवा कार्बनने येतो, त्यावरून दगडाचा इतिहास कळत नाही. इतिहास असतो कणांच्या गुंफणीत, म्हणजे दगडातले कण एकमेकांना कसे धरून बसलेत त्यात. हा लेख सगळा त्या एका गोष्टीभोवती आहे, गुंफण बघायला जमलं की खडकांचे प्रकार पाठ करावे लागत नाहीत आणि खडकचक्रही, म्हणजे एका प्रकारच्या खडकाचा दुसरा कसा होत राहतो तेही, आपोआप डोक्यात बसतं.

आधी खडक आणि खनिज यातला फरक

खनिज म्हणजे ठराविक रासायनिक रचनेचा, आतून नीट मांडणी असलेला एकच पदार्थ, जसं की क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी, फेल्डस्पार, अभ्रक, कॅल्साइट. खडक म्हणजे साधारणपणे अशा खनिजांचं मिश्रण. ग्रॅनाइट हा खडक, त्यातली काचेसारखी दिसणारी राखाडी गारगोटी हे खनिज. काही खडक जवळपास एकाच खनिजाचे असतात, शुद्ध संगमरवर म्हणजे बहुतेक सगळं कॅल्साइटच. बस, सुरुवातीला एवढं पुरे.

आणि तीन प्रकार एका ओळीत सांगायचे तर, वितळलेलं थंड होऊन घट्ट झालं तर अग्निज, तुटलेलं किंवा पाण्यातून खाली बसलेलं साचून घट्ट झालं तर स्तरित, आणि आधीचाच खडक न वितळता उष्णतेने आणि दाबाने बदलला तर रूपांतरित. "न वितळता" हे दोन शब्द लक्षात ठेवा, बहुतेकांचा गोंधळ तिथेच होतो.

पायरी १: सामान

फार काही लागत नाही. दहापट मोठं दाखवणारं भिंग, पाण्याची छोटी बाटली, एक लोखंडी खिळा, तांब्याच्या जाड तारेचा तुकडा, ड्रॉपरच्या बाटलीत व्हिनेगर, ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा डिजिटल काटा, दोरा, वही आणि पक्क्या शाईचा मार्कर. भिंग वापरायची पद्धत मात्र नीट शिकून घ्या, भिंग डोळ्याला अगदी चिकटवून धरायचं आणि मग दगड हळूहळू जवळ आणायचा, स्पष्ट दिसेपर्यंत. लोक भिंग दगडावर धरतात आणि स्वतः लांबून बघतात, त्यात अर्धंही दिसत नाही.

पायरी २: ताजी बाजू शोधा

बाहेर पडलेल्या दगडावर एक साल चढलेली असते, ऊन पाऊस खाऊन वरचा थर बदललेला असतो, कधी तांबूस, कधी पिवळट, कधी शेवाळलेला. ती साल बघून काहीही ठरवू नका. आधीच फुटलेला तुकडा मिळाला तर उत्तम, नाहीतर फोडावा लागतो. फोडताना डोळ्यांवर गॉगल हवाच आणि हातोडी खास दगड फोडायची असते तीच घ्या, साध्या सुतारी हातोडीचं तोंड कठीण दगडावर उडू शकतं आणि ते पोलादाचं बारीक तुकडं गोळीसारखं येतं. कड्याखाली उभं राहून फोडाफोडी करू नका, आणि संरक्षित जागी तर हातोडी बाहेर काढायचीच नाही, तिथे फोटो काढा.

अजून एक, हातातली वस्तू खरंच दगड आहे ना ते बघा. काँक्रीटचा घासून गोल झालेला तुकडा नदीत किंवा किनाऱ्यावर अगदी खडकासारखा दिसतो, आणि लोखंडाच्या भट्टीतली मळी ज्वालामुखीच्या दगडासारखी भोकाभोकांची असते. मी स्वतः अशी मळी लाव्हा समजून कितीतरी दिवस जपून ठेवली होती, शेवटी एका जाणत्या माणसाने उलटून दाखवलं की याच्या आत धातूचे थेंब आहेत.

पायरी ३: गुंफण बघा, खरं काम इथे आहे

ताजी बाजू थोडी ओली करा, कण उठून दिसतात. आता भिंग लावा आणि स्वतःला एकच प्रश्न विचारा, कण एकमेकांना कसे भिडलेत?

पहिली शक्यता, कण एकमेकांत घट्ट अडकलेले, कोड्याच्या तुकड्यांसारखे, मध्ये जागाच नाही, आणि ते वाटेल त्या दिशेला पसरलेत, कुठलीही शिस्त नाही. म्हणजे ते वितळलेल्या रसातून वाढता वाढता एकमेकांना भिडले. हा अग्निज.

दुसरी, कण सुटे सुटे दिसतात, काही गोलसर, मध्ये वेगळाच मसाला भरलेला, अंगठ्याने जोरात चोळलं तर कधी दोन चार कण हाताला लागतात. म्हणजे हे कण आधी कुठेतरी दुसरीकडे होते, इथे येऊन बसले आणि मग चिकटले. हा स्तरित.

तिसरी, कण एकमेकांत अडकलेले तर आहेत पण सगळे एका दिशेला झोपलेत, अभ्रकाच्या पापुद्र्यांची चमक एकदम एकाच कोनात येते, किंवा फिक्या आणि गडद पट्ट्या दिसतात. हा रूपांतरित, दाबाखाली कणांना दिशा मिळाली.

या तिसऱ्याला दोन महत्त्वाचे अपवाद आहेत, संगमरवर आणि क्वार्ट्झाइट. दोन्ही रूपांतरित पण बहुतेक एकाच खनिजाचे आणि त्या खनिजाचे कण चपटे नसतात, म्हणून दिशा दिसत नाही, साखरेच्या ढेकळासारखं एकसारखं दाणेदार दिसतं.

आणि कण दिसतच नसतील तर? तर दगड एकतर फार पटकन थंड झालेला लाव्हा आहे, किंवा फार बारीक चिखलाचा आहे, किंवा त्या चिखलाची स्लेट झाली आहे. त्यासाठी पुढच्या चाचण्या आहेत.

पायरी ४: अग्निज असेल तर कण केवढे ते बघा

कणांचा आकार म्हणजे थंड व्हायला लागलेला वेळ. जमिनीखाली काही किलोमीटरवर मॅग्मा, म्हणजे वितळलेल्या खडकाचा रस, अडकून राहिला तर तो हजारो, लाखो वर्षं घेत थंड होतो, स्फटिकांना वाढायला निवांत वेळ मिळतो, म्हणून ग्रॅनाइटमधले कण नुसत्या डोळ्यांनी दिसतात. तोच रस लाव्हा होऊन बाहेर आला की दिवसांत, महिन्यांत किंवा जाड थर असेल तर काही वर्षांत गार होतो आणि कण इतके बारीक राहतात की भिंगातूनही कष्टाने दिसावेत, जसं बेसॉल्ट. अगदी झटक्यात गार झाला तर स्फटिक बनायलाच वेळ नाही, काच होते, ते ऑब्सिडियन. आणि आत वायूंचा फेस असतानाच गोठला तर प्युमिस, जो पाण्यावर तरंगतो.

हे आज सोपं वाटतं पण अठराव्या शतकाच्या शेवटी यावर मोठी भांडणं झाली, बेसॉल्ट समुद्राच्या पाण्यातून साचलाय असं मानणारे मोठमोठे विद्वान होते. त्यांचं एक म्हणणं असं होतं की वितळलेला दगड गार केला की काच होते, मग स्फटिकवाला दगड वितळलेल्या रसातून येईल कसा? स्कॉटलंडच्या जेम्स हॉलने बेसॉल्टसारखा दगड भट्टीत वितळवला आणि मुद्दाम हळू हळू थंड केला, तर काच न होता परत बारीक स्फटिकांचा दगड मिळाला. प्रश्न दगडाचा नव्हता, वेळेचा होता. मला या सगळ्या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रयोग वाटतो, कारण गोष्ट इतकी साधी आहे.

कधी कधी बारीक कणांच्या दगडात मध्येच मोठे मोठे स्फटिक बसलेले दिसतात. गोंधळू नका, तो दगड दोन टप्प्यांत थंड झालाय, खोलवर असताना थोडे स्फटिक वाढले आणि मग उरलेला रस त्यांना घेऊन वर आला आणि पटकन गोठला. एकाच तुकड्यात दोन वेग वाचता येतात.

रंग इथे थोडा उपयोगी पडतो. सिलिका, म्हणजे गारगोटी ज्याची बनते तो सिलिकॉन आणि ऑक्सिजनचा पदार्थ, जास्त असेल, साधारण ७० टक्क्यांच्या आसपास, तर दगड फिका, जसं ग्रॅनाइट. सिलिका ५० टक्क्यांच्या आसपास आणि लोह, मॅग्नेशियम जास्त असेल तर गडद आणि हाताला जड, जसं बेसॉल्ट. बेसॉल्टचा लाव्हा साधारण ११०० ते १२०० अंश सेल्सिअसला बाहेर येतो आणि पातळ असल्याने लांबवर वाहतो. जाड थर थंड होऊन आकसला की त्याला तडे जाऊन खांब पडतात, उत्तर आयर्लंडच्या जायंट्स कॉजवेला असे सुमारे ४०,००० खांब आहेत, बरेचसे षटकोनी, आणि ते माणसाने रचलेत असं वाटावं इतके नीट आहेत.

पायरी ५: स्तरित असेल तर कण किती प्रवास करून आलेत ते बघा

इथे कणांचा आकार वेगळं काहीतरी सांगतो, पाण्याचा किंवा वाऱ्याचा जोर. २ मिलिमीटरपेक्षा मोठे गोटे वाहून न्यायला जोराचा प्रवाह लागतो, वाळूला कमी, आणि चिखल तर पाणी जवळपास शांत झालं तरच खाली बसतो. म्हणून गोट्यांचा दगड म्हणजे काँग्लोमरेट दिसला की डोळ्यासमोर जोरात वाहणारी नदी किंवा लाटांचा किनारा आणा, वालुकाश्म दिसला तर नदीचं पात्र, किनारा किंवा वाळवंट, आणि शेल दिसला तर खोल किंवा निवांत पाणी. गोटे गुळगुळीत असतील तर ते लांबून घरंगळत आलेत, टोकदार असतील तर उगमाच्या जवळच साचलेत आणि त्या दगडाला ब्रेशिया म्हणतात.

सगळेच स्तरित खडक तुकड्यांपासून होत नाहीत. चुनखडक बहुतेक वेळा समुद्रातल्या जिवांच्या शिंपल्यांचा, सांगाड्यांचा आणि प्रवाळाचा असतो, सैंधव आणि जिप्सम पाणी आटून मागे राहतात, कोळसा दलदलीत पुरलेल्या झाडांचा.

थर, लाटांच्या वळ्या, चिखलाला पडलेल्या भेगांचे ठसे, जीवाश्म, हे सगळं शोधायचं ते याच खडकांत. जमिनीवर दिसणाऱ्या खडकांपैकी साधारण तीन चतुर्थांश भाग स्तरित खडकांनी झाकलेला आहे, पण पृथ्वीच्या कवचाच्या एकूण आकारमानात त्यांचा वाटा अगदी थोडा, म्हणजे वर पसरलेली पातळ चादर आहे ती.

पायरी ६: रूपांतरित असेल तर आधी तो कोण होता ते विचारा

जमिनीत खाली जाताना दर किलोमीटरला तापमान साधारण २५ ते ३० अंशांनी वाढतं. एखादा चिखलाचा दगड दहा पंधरा किलोमीटर खाली ढकलला गेला की तो वितळत नाही, पण त्यातले अणू हलायला लागतात, जुनी खनिजं मोडतात आणि नवी बनतात, आणि दाब एका बाजूने जास्त असेल तर नवी चपटी खनिजं त्या दाबाला आडवी झोपतात. शेलची आधी स्लेट होते, मग अजून तापलं तर फिलाइट, ज्याला रेशमासारखी चमक असते, मग शिस्ट, त्यात अभ्रक स्पष्ट दिसतं आणि कधी लालबुंद गार्नेटचे गोल दाणे असतात, आणि शेवटी नीस, ज्यात फिक्या गडद पट्ट्या वेगळ्या होतात. ग्रॅनाइटचाही नीस होतो. वालुकाश्माचा क्वार्ट्झाइट होतो, चुनखडकाचा संगमरवर.

ग्रॅनाइट आणि नीस यात नवीन लोक फार अडखळतात कारण खनिजं तीच असतात. दगड हातभर लांब धरून बघा, पट्ट्या किंवा ओढ दिसली तर नीस, सगळीकडे एकसारखे ठिपके दिसले तर ग्रॅनाइट. आणि वालुकाश्म की क्वार्ट्झाइट असा प्रश्न पडला तर फुटलेली बाजू बघा, वालुकाश्म कणांच्या कडेकडेने फुटतो म्हणून खरखरीत, क्वार्ट्झाइट कणांच्या आरपार फुटतो म्हणून काचेसारखा गुळगुळीत.

पायरी ७: शंका राहिली तर या चार चाचण्या

ओरखडा: फ्रीडरिश मोह्जने १८१२ मध्ये खनिजांच्या काठिण्याची १ ते १० अशी श्रेणी दिली, टाल्क १ आणि हिरा १०. नख साधारण अडीच, तांबं साडेतीनच्या जवळ, खिळा पाचच्या आसपास, गारगोटी ७. म्हणजे पांढऱ्या दाणेदार दगडावर खिळ्याने ओरखडा उठला तर संगमरवर, खिळ्याचाच करडा ठसा दगडावर राहिला तर क्वार्ट्झाइट. ठसा आणि ओरखडा यात फसू नका, बोट ओलं करून पुसून बघा, पुसला गेला तर तो खिळ्याचा.

व्हिनेगर: चुनखडक आणि संगमरवर दोन्हीत कॅल्साइट असतं, त्यावर आम्ल पडलं की कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे येतात. व्हिनेगर सौम्य असतं म्हणून आधी खिळ्याने खरवडून थोडी पूड करा, त्यावर थेंब टाका आणि भिंगातून बघा. डोलोमाइट, म्हणजे चुनखडकासारखाच पण मॅग्नेशियम असलेला दगड, पूड केल्यावरच फसफसतो आणि तेही हळू. वालुकाश्मातला मसाला कॅल्साइटचा असेल तर तोही फसफसतो, तेव्हा एवढ्यावरून चुनखडक म्हणू नका.

टकटक: शेल आणि स्लेट ओळखायला हे पुरतं, स्लेट टणटण वाजते, शेलचा आवाज बसका येतो. शेलवर तोंडाची गरम वाफ सोडली तर ओल्या मातीचा वासही येतो.

घनता: ही चाचणी फार कमी लोक करतात आणि मला कळत नाही का, कारण आकडा हातात मिळतो. दगडाचं कोरडं वजन करा. मग काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून आकडा शून्य करा आणि दगड दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल पण तळाला, कडेला टेकणार नाही असा लटकवा. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितके घन सेंटीमीटर दगडाचं आकारमान. समजा कोरडं वजन ५४० ग्रॅम आणि लटकवल्यावर २०० आलं, तर घनता २.७. ग्रॅनाइट २.६ ते २.७ च्या आसपास येतो, बेसॉल्ट बहुतेक २.८ ते ३ मध्ये, वालुकाश्म पोकळ्यांमुळे बऱ्याचदा त्याहून हलका.

पायरी ८: आता खडकचक्र

पुस्तकातल्या चित्रात बाणांचं गोल असतं, अग्निज मग स्तरित मग रूपांतरित मग परत मॅग्मा. त्या गोलामुळे लोकांना वाटतं की प्रत्येक दगड हीच वाट याच क्रमाने चालतो, तसं अजिबात नाही. ग्रॅनाइट झिजून वाळू होऊ शकतो किंवा न झिजता थेट दाबला जाऊन नीस होऊ शकतो. वालुकाश्म उचलला जाऊन परत झिजून नव्या वालुकाश्माची वाळू होऊ शकतो, मॅग्माचं तोंडही न बघता. रूपांतरित खडकाचं पुन्हा रूपांतर होऊ शकतं. गोल नव्हे, अनेक वाटांचं जाळं समजा, आणि कुठली वाट लागणार ते ठरवतात दोन ताकदी. एक वरून, सूर्यामुळे फिरणारं पाणी आणि वारा, आणि सगळ्याला खाली ओढणारं गुरुत्वाकर्षण, यांनी खडक झिजतो, वाहतो, साचतो. दुसरी खालून, पृथ्वीच्या आतली उष्णता, जिच्यामुळे भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या वरच्या कठीण थराचे प्रचंड तुकडे, वर्षाला काही सेंटीमीटर सरकतात, साधारण नख वाढतं त्या वेगाने, आणि खडक खाली नेतात, वर उचलतात, वितळवतात. महासागराचा तळ या दुसऱ्या ताकदीने सतत आत खेचला जातो, म्हणून खुल्या महासागराचा तळ जवळपास सगळा २० कोटी वर्षांच्या आतला आहे, तर खंडांवर कॅनडातला अकास्टा नीस सुमारे ४०० कोटी वर्षांचा अजून टिकून आहे.

वर उचलणं म्हणजे किती, तर एव्हरेस्टच्या माथ्यावरचा खडक समुद्रात साचलेला चुनखडक आहे आणि त्यात ट्रायलोबाइटसारख्या, आता नामशेष झालेल्या समुद्री जिवांचे तुकडे सापडतात.

हे चक्र पहिल्यांदा नीट मांडलं स्कॉटलंडच्या भूवैज्ञानिक जेम्स हटनने, १७८५ मध्ये एडिनबरोत. १७८८ मध्ये तो जॉन प्लेफेअर आणि वर सांगितलेला तो जेम्स हॉल, अशा दोघांना घेऊन होडीतून स्कॉटलंडच्या सिकार पॉइंटला गेला. तिथे खाली करड्या खडकाचे थर जवळपास उभे आहेत आणि त्यांच्या कापलेल्या टोकांवर लाल वालुकाश्माचे थर हलक्या उताराने पसरलेत. नुसतं ते चित्र वाचून बघा. करडा गाळ समुद्रात आडवा साचला, खडक झाला, दुमडून उभा झाला, वर आला, झिजून सपाट झाला, त्यावर लाल वाळू साचली, तिचाही खडक झाला, आणि मग सगळंच पुन्हा तिरकं होऊन वर आलं. दोन्ही खडकांच्या वयात सुमारे ६.५ कोटी वर्षांचं अंतर आहे, आणि ते सगळं एका रेषेत, जिच्यावर हात ठेवता येतो.

पायरी ९: दगडाची गोष्ट उलटी लिहा

वहीत नुसतं नाव लिहू नका. जागा, तारीख, दगड जागेवरच्या खडकाचा होता की वाहून आलेला, आणि मग घटना शेवटापासून मागे. समजा नदीत काँग्लोमरेटचा गोटा मिळाला आणि त्यात एक गोटी पट्ट्यापट्ट्यांच्या नीसची आहे. मग लिहायचं: आता नदीने घासून गोल केलाय, त्याआधी काँग्लोमरेटचा खडक उघडा पडून तुटला, त्याआधी गोटे साचून चिकटले, त्याआधी ते वाहत आले, त्याआधी नीस वर येऊन झिजला, त्याआधी खोलवर दाबाने त्याच्या पट्ट्या पडल्या, आणि त्याआधी तो बहुधा ग्रॅनाइट किंवा चिखल होता. "बहुधा" जिथे लिहावं लागतं तिथे खूण करा, पुढच्या वेळी भिंग तिथेच लावायचं.

ऑस्ट्रेलियातल्या जॅक हिल्समध्ये संशोधकांनी हेच केलं, फक्त फार बारकाईने. तिथला काँग्लोमरेट साचला सुमारे ३०० कोटी वर्षांपूर्वी, नंतर त्याचं रूपांतरही झालं, पण त्यातले झिरकॉन या फार टिकाऊ खनिजाचे काही कण ४४० कोटी वर्षांपूर्वीच्या मॅग्मात वाढलेले निघाले. ज्या खडकात ते वाढले तो खडक कुठेच सापडलेला नाही, तो केव्हाच झिजून गेला. उरले ते केसाच्या जाडीएवढे, त्याहून थोडे मोठे कण.

शेवटी प्रत्येक नमुन्यावर मार्करने नंबर टाका, तोच नंबर वहीत, आणि नंबर ताज्या फुटलेल्या बाजूवर टाकू नका, सालीच्या बाजूला टाका, ताजी बाजू भिंगासाठी मोकळी ठेवा.